वाचकांचे प्रश्न : पट्टा पोराचा, श्रेय वस्तादाचं किती?

गेल्या अंकात मिक्स्ड मार्शल आर्ट्सवर, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या एमएमएवर, लेख आला. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं यवतमाळ, अमरावती, वाशीम भागातल्या खेड्यांतून आहेत. विजेता घडवण्यात कोचचा वाटा किती, या एकाच मुद्द्याभोवती ती फिरतात. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

दारव्हा तालुक्यातले एक कुस्तीशौकीन : यूएफसीचा, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या संस्थेचा, विजेता पट्टा खांद्यावर टाकला की आधी कोचचं नाव घेतो. आपल्याकडेही दंगल मारलेला पैलवान आधी वस्तादाच्या पाया पडतो. पण पिंजऱ्यात तर तो एकटाच असतो. मग कोचचं खरं श्रेय किती टक्के धरायचं?

टक्केवारी सांगता येणार नाही, पण श्रेय पारखता येतं. एक कोच आणि एक विजेता एवढंच समोर असेल तर काहीच कळत नाही. पोरगा उपजतच तयारीचा होता की कोचने तयार केला, हे वेगळं काढायला मार्ग नसतो. म्हणून पहिली पारख अशी : त्याच हाताखालून दुसरा, तिसरा तयार झाला का, आणि तिघांच्या खेळात एकच खूण दिसते का?

रशियातल्या दागेस्तानचे कोच अब्दुलमनाप नूरमगोमेदोव घ्या. त्यांचा मुलगा खबीब २९ लढती खेळला आणि २९ही जिंकला. जुलै २०२० मध्ये कोविडनंतरच्या गुंतागुंतीत वडील गेले आणि ऑक्टोबरमध्ये जस्टिन गेथजीला हरवून खबीबने पिंजऱ्यातच निवृत्ती जाहीर केली. त्याच तालमीतल्या इस्लाम मखाचेवने ऑक्टोबर २०२२ मध्ये चार्ल्स ओलिव्हेराला हरवून यूएफसीच्या लाइटवेट वजनगटाचा पट्टा घेतला. पुढच्याच महिन्यात त्याच मुशीतला उस्मान नूरमगोमेदोव बेलाटर या दुसऱ्या संस्थेचा विजेता झाला. या मुशीतल्या पोरांची पकड एकदा नीट बघा. प्रतिस्पर्धी जाळीला पाठ लावून, पाय पसरून बसलेला असतो. हा त्याचे दोन्ही पाय गुडघ्यांखाली आपल्या पायांच्या कैचीत घेतो, त्यामुळे त्याला पाऊल अंगाखाली ओढता येत नाही आणि उठायचा रस्ता बंद होतो. मग तो ज्या हातावर टेकून उठू पाहतो, त्याच हाताचं मनगट हा पाठीमागून धरतो. आता समोरच्याला मोकळा हात एकच, आणि याचा एक हात ठोसे मारायला रिकामा. आपल्याकडे सवारी भरणं म्हणतात, त्याचीच ही चुलत बहीण. एकाला जमलं तर ते त्याचं कसब म्हणता येईल. तिघा-चौघांच्या अंगात तेच मुरलेलं दिसतं, तेव्हा ते शिकवणाऱ्याचं असतं. मात्र दागेस्तानात कुस्ती गावोगाव आहे, तेव्हा त्या मातीचाही वाटा बाजूला काढून ठेवावा लागतो. शिवाय खबीबचं उभ्याने ठोसे-लाथांचं काम अमेरिकेत सॅन होजेला हाविएर मेंडेझ यांच्या हाताखाली घोटलं गेलं.

दुसरी पारख म्हणजे तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले तर काय बदललं? हेन्री सेहुदो २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचा फ्रीस्टाइल कुस्तीतला सुवर्णविजेता. एप्रिल २०१६ मध्ये डिमिट्रियस जॉन्सनने त्याला पहिल्याच राउंडमध्ये गुडघे मारून थांबवलं. ऑगस्ट २०१८ मध्ये तोच सेहुदो पाच राउंड खेळून जिंकला. कुस्ती त्याच्याकडे आधीही होती. मधल्या दोन वर्षांत उभं राहण्याची ढब बदलली, अंतर राखायची सवय लागली. असला बदल एकट्याने आरशासमोर होत नाही, तिथे शिकवणाऱ्याचा हात असतोच. तरी हेही लक्षात घ्या की तो निकाल पंचांच्या फुटलेल्या मतांनी लागला होता. तेव्हा जॉन्सनचे कोच मॅट ह्यूम त्या रात्री काही कमी ठरले नाहीत. ज्यांच्या शिष्याने लागोपाठ ११ वेळा पट्टा राखला, त्यांची किंमत एका मताने ठरवू नये.

एमएमएत ‘एकच कोच’ हे बहुतेक वेळा खरं नसतं. कॅनडाच्या जॉर्ज सेंट-पिएरचे मुख्य कोच फिरास झहाबी होते. जमिनीवरच्या पकडींच्या जुजुत्सूसाठी जॉन डॅनाहर, बॉक्सिंगसाठी फ्रेडी रोच, मुय थाई या थाई किकबॉक्सिंगसाठी फिल नर्स. एवढे गुरू शोधून एकत्र बांधण्याचं श्रेय खुद्द खेळाडूलाही द्यायला हवं. मुख्य कोचचं काम जोडणीचं असतं : जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून प्रतिस्पर्ध्याचे हात वर आणायचे आणि त्याच पावलावर पट काढायचा, म्हणजे पाय धरून पाडायचं. बॉक्सिंगचा मास्तर जॅब शिकवेल, कुस्तीचा वस्ताद पट शिकवेल. मधलं अर्धं पाऊल दोघांपैकी कोणीच शिकवत नाही.

आमचं मत विचाराल तर सगळ्यात मोठा वाटा पहिल्या आठ-दहा वर्षांत पाया घालणाऱ्याचा. त्याच्या खालोखाल, चुकीची लढत नाकारणाऱ्याचा. पट्ट्याच्या रात्री कॅमेऱ्यात दिसणारा माणूस हाच असेल असं नाही.

अचलपूर तालुक्यातल्या एक आई : माहा पोरगा पहिले गावच्या आखाड्यात कुस्ती खेये. आता दोन वर्षांपासून अमरावतीले एमएमए शिकून रायला. जिकला का कोच म्हन्ते, म्या घडवला. हारला का म्हन्ते, तुमच्या पोरानं आयकलं नाही. मांगच्या तीन लढतीत दोन हारला, दोन्ही बारी गळा आवळूनच. मी मजुरी करून फी धाडून रायली. आता कोनाले पुसू?

ताई, कोचलाच पुसा, पण प्रश्न असा पुसा : ‘दोन्ही वेळा गळा कसा सापडला आणि पुढचे सहा आठवडे त्यावर काय करणार?’ उत्तरात नेमकी चूक आणि नेमका सराव आला तर कोच कामाचा आहे. ‘मन लावत नाही’, ‘दम कमी पडतो’ एवढंच आलं, तर त्याने ती लढत नीट पाहिलेली नाही.

पोरगा कुस्तीतून आला आहे, म्हणून बहुधा दुखणं सवयीत आहे. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की चितपट. त्यामुळे उताणा पडायची वेळ आली की पैलवानाचं अंग आपोआप पोटावर वळतं. एमएमएत पाठ टेकल्याने कोणी हरत नाही. पोटावर वळल्याने मात्र हरतो. पाठ मोकळी मिळताच समोरचा वर चढतो, दोन्ही टाचा मांड्यांच्या आत अडकवतो आणि हनुवटीखालून हात घालतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की आठ-दहा सेकंदांत शुद्ध जाते. तिथे ताकद कामी येत नाही.

गळा सापडायची दुसरी जागा पट काढतानाची. मातीत डोकं समोरच्याच्या काखेबाहेर, मान खाली गेली तरी चालून जातं. इथे तीच मान समोरचा काखेत धरतो. दुहेरी पट काढताना कान त्याच्या बरगडीला चिकटलेला, नजर वर आणि पाठ ताठ हवी.

वर बसलेल्या पैलवानालाही धोका आहे. ऋतू फोगाट हरियाणातल्या बलालीत वडील महावीर फोगाट यांच्याकडे लहानपणापासून कुस्तीत तयार झाली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये एमएमएत उतरली. दोनच वर्षांत, डिसेंबर २०२१ मध्ये, तिने वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए संस्थेच्या ग्रांप्री स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. तिथे स्टॅम्प फेअरटेक्सने दुसऱ्या राउंडमध्ये खालून तिचा हात पायांत घेऊन कोपर उलटा ताणला आणि लढत संपली. दोन वर्षांत अंतिम फेरी, हे वडिलांच्या पायाचं आणि सिंगापूरच्या कोचांच्या मेहनतीचं फळ. पण खाली पडलेल्याचे पायही हत्यार असतात, हे अंगवळणी पडायला दोन वर्षं थोडी पडतात.

तेव्हा कोचला सांगा, आठवड्यातून तीन दिवस, तीन-तीन मिनिटांच्या चार फेऱ्या पोराला उताण्यापासून सुरू करू द्या. समोरच्याने पहिले दोन आठवडे निम्म्याहून कमी जोर लावायचा. पोराने पोटावर न वळता कुशीवर यायचं, कंबर मागे काढायची, गुडघा मध्ये घालायचा आणि हाताला टेकून उठायचं. पोटावर वळला की फेरी पुन्हा पहिल्यापासून. पाच-सहा आठवड्यांत अंग नवं वळण घेतं. तोवर पोराला लढतीला उतरवू नये. कोच तरीही उतरवत असेल, तर पुढच्या हारीचा दोष त्याच्या पदरात घालायला हरकत नाही.

पुसदहून एक तरुण : जिल्ह्याच्या स्पर्धेत मित्राच्या कोपऱ्यात मला उभं राहायचं आहे. दोन राउंडमधल्या एका मिनिटात कोचने नेमकं काय करायचं असतं? त्याने खरंच लढत फिरते का?

क्वचित फिरते, पण फिरते. ऑगस्ट २०२२, सॉल्ट लेक सिटी. यूएफसीचा विजेता कमारू उस्मान विरुद्ध आव्हानवीर लिऑन एडवर्ड्स. पहिला राउंड एडवर्ड्सचा, नंतरचे तीन उस्मानचे. एडवर्ड्सचे खांदे पडले होते. पाचव्याआधी त्याचे कोच डेव्ह लव्हेल यांनी त्याला खडसावलं, स्वतःची कीव करणं थांबव म्हणाले. शेवटचं एक मिनिटही उरलं नव्हतं तेव्हा एडवर्ड्सने हातांची हुल दिली, उस्मान ती चुकवायला आपल्या उजवीकडे कलला आणि तिथेच डावी लाथ डोक्यावर बसली. पट्टा फिरला. मात्र लाथ त्या मिनिटात जन्मली नव्हती, ती आधीपासून अंगात घोटलेली होती. आडात होतं म्हणून पोहऱ्यात आलं. कोचने पोहरा सोडला, एवढं त्याचं श्रेय, आणि ते लहान नाही. दुसऱ्या कोपऱ्यात ट्रेव्हर विटमन होते, नावाजलेले कोच. त्यांचा माणूस चार राउंडअखेर पुढे होता आणि तरी हरला. निकालावरून कोच मोजायचा नसतो तो असा.

आता तुमचं मिनिट. बरोबर घ्यायचं सामान : घडीचं स्टूल, बादली, थर्मासमध्ये बर्फ, साध्या पाण्याच्या दोन बाटल्या, चार लहान पांढरे टॉवेल, गॉझ, कापसाच्या काड्या, व्हॅसलीन, सुजेवर दाबायची पोलादी पट्टी, कात्री, चिकटपट्टी.

घंटा होताच पाच सेकंदांत स्टूल आत. मित्र बसला की माउथगार्ड काढून धुवा आणि त्याला तीन-चार खोल श्वास घेऊ द्या. तोवर कोणी बोलायचं नाही. दमलेल्या कानात शब्द शिरत नाहीत. पहिले १५ सेकंद बोललेलं वाया जातं. बर्फ मानेच्या मागे धरा. भुवई फुटली असेल तर कोरडं गॉझ जखमेवर सरळ दाबून धरा, निदान २० सेकंद. ओल्या टॉवेलने पुसू नका, धरलेली गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा डोळ्यात उतरतं. दाब काढल्यावर व्हॅसलीनचा जाड थर. व्हॅसलीन फक्त चेहऱ्याला. अंगाला लागलं तर पकड निसटते आणि पंच दंड देतात. सूज आली असेल तर गार पोलादी पट्टी स्थिर दाबायची, चोळायची नाही. मोठ्या स्पर्धांत रक्त थांबवायला ॲड्रिनालिन लावतात, ते त्यात तयार झालेल्या माणसाचं काम आहे, तुम्ही हात लावू नका.

विसाव्या सेकंदापासून एकाच माणसाने बोलायचं. एक दुरुस्ती आणि एक हल्ला, बस. ‘उजवा हात गालाला. त्याने लाथ मारली की पट.’ शब्द सरावातलेच हवेत. ऐनवेळी नवा डाव सांगणं ही कोपऱ्यातली सगळ्यात मोठी चूक. त्याच्या खालोखाल तिघांनी एकदम ओरडणं. पन्नासाव्या सेकंदाला माउथगार्ड तोंडात, सांडलेलं पाणी आणि बर्फाचा चुरा पुसलेला, स्टूल बाहेर. ओल्या जागेवर आपलाच माणूस घसरतो.

आणि लढत थांबवायची कधी, हे घरून निघतानाच ठरवा. मित्राला राउंड कितवा ते सांगता येत नसेल, डोळे तुमच्यावर स्थिर होत नसतील किंवा तो नुसता मार झेलत असेल तर थांबवा. जानेवारी २००९ मध्ये सेंट-पिएरविरुद्ध चौथ्या राउंडनंतर बी. जे. पेनच्या कोपऱ्याने लढत सोडली. पेन दोन वजनगटांत यूएफसीचा विजेता राहिलेला मोठा खेळाडू होता, तरी सोडली. पोरगा स्वतः ‘बस’ म्हणत असताना त्याला पुन्हा ढकलणाऱ्या कोचला कसलंच श्रेय देता येत नाही. बेशुद्ध पडलेल्याला डॉक्टरांनी मोकळं करेपर्यंत डोक्यावर मार लागेल असा सराव बंद. ही बंदी साधारण ३० ते ९० दिवसांची असते.

वाशीम जिल्ह्यातला एक खेळाडू : वजन ६६ किलो आहे. कोच म्हणतात चार दिवसांत ६० कर, मोठे फाइटर असंच करतात.

करू नका. ६६ पैकी ६ म्हणजे ९ टक्के वजन, आणि चार दिवसांत जातं ते पाणीच, चरबी नाही. डिसेंबर २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिपचा चिनी खेळाडू यांग जियान बिंग मनिलात वजन उतरवतानाच गेला. त्यानंतर त्या संस्थेने अंगातल्या पाण्याची तपासणी सुरू केली. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ वर असतो. प्लास्टिकचा सूट घालून धावायचा सल्ला इथे जिवावर बेततो. घाम थांबणं, लघवी गडद होणं, बोलण्यात गोंधळ. यातलं काहीही दिसलं की सावली, ओलं फडकं आणि थेट दवाखाना.

शेवटच्या आठवड्यात वजनाच्या ३ टक्क्यांपर्यंतच हात लावा, म्हणजे तुमच्या बाबतीत २ किलो. बाकीचं आठ-दहा आठवड्यांत आठवड्याला अर्धा किलो या हिशेबाने आहारातून. तेवढे दिवस नसतील तर वरच्या गटात खेळा. वजनकाट्यानंतर पाणी एकदम ढोसू नका, ओआरएस घोट-घोट घ्या.

आर्णीजवळच्या गावातले एक वस्ताद : बारा वर्षांचा असल्यापासून पोराला माझ्या आखाड्यात तयार केलं. फी कधी घेतली नाही. आता तो शहरातल्या अकादमीकडून खेळतो आणि फ्लेक्सवर फक्त त्यांचं नाव. माझा काही हक्क आहे का? आणि गावात उरलेल्या पोरांना एमएमएचा कोच नाही, ती मोबाइलवर बघून शिकतात. त्यांचं काय करू?

वस्ताद, कायद्याने तुमच्या हाती फार काही नाही, पण मान मागायचा हक्क पुरेपूर आहे, आणि तो मागण्यात कमीपणा नाही. यूएफसीची विजेती राहिलेल्या रोंडा राऊझीचा हात मोडायचा डाव जगाने यूएफसीत पाहिला. पण २००८ च्या ऑलिंपिकमध्ये जुदोचं कांस्य तिने एमएमएत येण्याआधीच घेतलं होतं आणि तिला पहिले धडे देणारी तिची आई १९८४ ची जुदोतली जगज्जेती होती. खाशाबा जाधव मातीतून मॅटवर गेले, १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य घेऊन परतले. मॅटची सवय चार वर्षांत झाली. मातीतली कंबर त्याआधीची.

यापुढे प्रत्येक पोराची वही ठेवा : आखाड्यात आल्याची तारीख, वजन, शिकवलेले डाव, दंगलींचे निकाल. पोरगा शहरात जाताना तीच माहिती अकादमीला पत्राने द्या आणि दोन ओळी मागा : ध्वनिक्षेपकावर आणि फ्लेक्सवर ‘मूळ आखाडा’ म्हणून गावाचं नाव. पैशाचं म्हणाल तर एमएमएच्या जिममध्ये मानधनाचा साधारण १० टक्के वाटा कोचला द्यायची रीत आहे. त्यातलं तुम्हाला काय, हे पोरगा लहान असतानाच त्याच्या वडिलांसमोर कागदावर आणा. पट्टा आल्यावर काढलेला विषय कडू होतो.

उरलेल्या पोरांसाठी तुमची नजर पुरेशी आहे. मोबाइल डाव दाखवतो, पण पोराकडे बघत नाही. तुम्हाला एमएमए येत नसलं तरी तीन गोष्टी पाहता येतील : ठोसा मारल्यावर हात गालाला परत येतो का, हनुवटी छातीकडे आहे का, श्वास रोखून धरतो का. फोन कमरेच्या उंचीवर टेकवून तीन फेऱ्या चित्रित करा आणि पोरांना सोबत बसवून दाखवा. गळ्याचे डाव मात्र तुमच्या डोळ्यांसमोरच, आणि समोरच्याने हार मानून हात थोपटला की त्याच क्षणी पकड सुटली पाहिजे. न सोडणाऱ्याला आठवडाभर आखाड्याबाहेर बसवा. उभ्याच्या सरावाला १६ औंसांचे ग्लोव्हज आणि जोराची फेरी आठवड्यातून एकदाच.

जाळीऐवजी आखाड्याची एक भिंत वापरा, तिला दोन गाद्या बांधा, भिंतीला रेटून उठवायचं-पाडायचं काम तिथे होईल. पाडायच्या सरावाला सोयाबीनच्या रिकाम्या बारदानाचा बाहुला शिवा. आत जुने कपडे आणि गोधड्यांच्या चिंध्या ठासून भरा, ३० ते ३५ किलोपर्यंत. वाळू भरू नका. ती तळाशी बसते, दगडासारखी घट्ट होते आणि पहिल्याच कलाजंग डावाला, म्हणजे खांद्यावर उचलून टाकताना, पोराचा खांदा दुखावतो. बारदान दुहेरी घ्या आणि शिवण सुताने न घालता नायलॉनच्या दोरीने घाला.